नवरदेव गप्प का?

बुऱ्हाणपूर,
२३ सप्टेंबर २०२४

प्रिय रजनी,

नाटक झालं. पडलं नाही. पडलं नाही म्हणजे काय, संपल्यावर लोक उठायलाच तयार नव्हते. त्यांची तक्रार होती, ती पुढे सांगते.

फोन केला नाही म्हणून रुसू नकोस. हे दिवसभर पेपर घेऊन फोनच्या शेजारी बसलेले असतात. आणि व्हॉट्सॲप शीतलनं तिच्या टॅबलाही जोडून ठेवलंय, आईनं काय लिहिलं ते लेकीला इंदूरला बसून दिसतं. आपलं पत्रच बरं. कॉलेजपासूनची सवय आहे.

तर योगेंद्रला पितृपक्षामुळे मंगल कार्यालय रिकामं मिळालं. योगेंद्र म्हणजे माझा जुना विद्यार्थी, आता मुलांना पेटी शिकवतो. नाटक त्यानंच बसवलंय आणि नवरदेवही तोच. नवरी निशा. बाकी दोन माणसं, एक पेटी, एक ढोलकी, आणि पेटीमागे पडद्याआड संवादांच्या चिठ्ठ्या घेऊन बसलेली मी. एवढाच सगळा संसार. पण लोक कार्यालयात शिरले की त्यांच्या अंगात लग्नच शिरतं. दारातच मला दोघींनी विचारलं, तुम्ही मुलीकडच्या की मुलाकडच्या? एका गृहस्थांना जेवण कोणाकडून आहे ते पाहिजे होतं. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, नाटक नको, आधी भाजी-पुरी करावी.

अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि सगळा हॉल उभा राहिला. सवयच ती. अक्षता कुणाकडे नव्हत्या, तर हातातले मुरमुरे टाकले. निशाच्या केसांतून आज सकाळपर्यंत निघत होते. एक आजीबाई मात्र पितृपक्षात मंगलाष्टकं कानावर नकोत म्हणून नातवाला घेऊन बाहेर गेल्या, आणि परत आल्यावर शेजारणीला विचारतात, लागलं का? शेजारीण म्हणाली, लागलं, पण नवरदेव बोलून नाही राहिला.

ते बोलून न राहणं म्हणजेच आपलं नाटक. तुला काय सांगायचं, तू त्या दिवशी करवली म्हणून माझ्या शेजारीच होतीस. यांना उखाणा येत नव्हता, म्हणून यांच्या मित्रानं, चुडामणभाऊंनी, आपला पाठ करून दिला, आणि यांनी भर मांडवात तो जसाच्या तसा म्हटला, चुडामणभाऊंच्या बायकोसकट:

'तापीच्या काठाला केळीची बाग,
सरूचं नाव घेतो, सोडा आता राग.'

मांडव लोळला. सरुबाई पदर तोंडात कोंबून आत पळाल्या. आणि यांनी जे तोंड मिटलं ते मिटलंच. पस्तीसेक वर्षं मी या घरात 'ऐकलं का' आहे. शीतल झाल्यावर बढती मिळाली, 'शीतलची आई' झाले. माझं नाव यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही.

नाटकात नावं बदललीत, गाव बदललंय. तरी पोस्टरवर माझं नाव घालायचा धीर झाला नाही. ते पाहिलं की बुऱ्हाणपूर दोन मिनिटांत नवरदेव ओळखेल. म्हणून लेखक रा. घाटे. तापीवरच्या राजघाटाच्या पायऱ्यांवर बसून सुचलं, म्हणून तसं. गंमत म्हणजे मध्यंतरात एकजण सांगत होते, घाटे ना, इंदूरचे, माझ्या साडूचे शेजारी, फार विनोदी माणूस.

योगेंद्र उखाण्यापाशी अडला आणि बायका सुरू झाल्या, नाव घ्या, नाव घ्या. हे मी लिहिलेलं नव्हतं. मग चौथ्या रांगेतली एक बाई उठली, म्हणाली, अरे असं घ्यायचं असतं, आणि तिनं नवऱ्याचं नाव घेऊन दाखवलं. तिचं ऐकून दुसरी. मग तिसरी, तिचं तर फार लांबलं. ढोलकीवाल्यानं ठेकाच धरला. माझ्या नटांना बसायला कुणीतरी खुर्च्या दिल्या.

आणि तक्रार शेवटाची. माझ्या नाटकात तो शेवटपर्यंत बोलत नाही, तीच त्याचं नाव घेते आणि दोघं हसतात, पडदा. लोक म्हणाले, हे काही बरोबर नाही. बसूनच राहिले. वॉचमननं दिवे घालवले तेव्हा उठले.

आता खरं सांगायचं ते. चुडामणभाऊंनी यांना ओढून आणलं होतं. दुसऱ्या रांगेत, समोरच. चुडामणभाऊ मांडीवर थापा मारून हसत होते, सरुबाईंना ढोसत होते. सगळा हॉल हसत होता. हे एकदाही हसले नाहीत. एकदाही नाही, रजनी. मी पडद्याच्या फटीतून स्टेजकडे पाहिलंच नाही, यांच्याकडेच पाहत होते.

घरी आले, जेवले, कुंड्यांना पाणी घातलं. झोपताना म्हणाले, ऐकलं का, उद्या नळ लवकर येणार आहे.

मी यांचं हसं केलं का गं? मला यांना हसवायचं होतं. आणि हसता हसता ते निशाचं गाणं यांच्या कानावर पडावं, एवढंच होतं.

तुझी
उषा

*

अमरावती,
२७ सप्टेंबर २०२४

प्रिय उषा,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की गुडघ्याच्या टाक्यांनी जाब विचारला. डॉक्टर म्हणतात अजून महिनाभर प्रवास नाही, नाहीतर पहिल्या रांगेत मीच असते आणि माझाही उखाणा झाला असता.

आता ऐक. नंदकुमारभाऊ हसले नाहीत, म्हणजे रागावले, हे तू कुठून काढलंस? त्या माणसाला मी लग्नाआधीपासून बघतेय. रागावले की ते पंखा साफ करतात. पंखा साफ केला का? कुंड्यांना पाणी घालणं हा राग नव्हे.

दुसरं. बाई, तू तरी कुठे नाव घेतेस? चार पानांचं पत्र, आणि त्यात 'हे', 'यांना', 'यांनी'. अख्ख्या पत्रात तुझ्या नवऱ्याचं नाव शोधलं तर सापडत नाही, चुडामणचं मात्र चार वेळा आहे. लोकांना काय वाटेल.

तिसरं आणि महत्त्वाचं. लोक शेवटाबद्दल बरोबर बोलतायत. मी वाचलं तेव्हाच मला खटकलं होतं, पण म्हटलं लेखिकेला पहिल्यांदाच कशाला दुखवा. त्याला बोलव. शेवट बदल. नाटकात तरी बोलू दे की बिचाऱ्याला.

पुढचा प्रयोग कुठे?

तुझी
रजनी

*

बुऱ्हाणपूर,
७ ऑक्टोबर २०२४

प्रिय रजनी,

काल खकनारला प्रयोग झाला. केळीच्या एका व्यापाऱ्याच्या अंगणात, जिथं घड उतरवतात तिथंच. समोर सतरंज्या, मागे खाटा-बाजा, त्याच्या मागे मोटारसायकली. लोक शेतातून परस्पर आले होते.

बुऱ्हाणपूरची बातमी आमच्या आधी पोचली होती. बायका पदरात खऱ्या अक्षता बांधून आल्या होत्या. उखर्डू आबा म्हणून एक म्हातारे, भर प्रवेशात काठी टेकत वर आले, योगेंद्रच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी घातली आणि माइकवर सांगितलं, आमच्याकडून नवरदेवाला आहेर. खाली उतरताना म्हणाले, आता बोल ना रे भाऊ. योगेंद्रनं उरलेलं नाटक टोपी घालूनच केलं. ती काढली असती तर आबांनी नाटक बंद पाडलं असतं.

निशाचं गाणं आलं. तुला आठवतंय ना:

'आत्या म्हणते, काकू म्हणते, दूधवाला म्हणतो ताई,
ज्यानं नाव घ्यायचं तोच म्हणतो, ऐकलंस का गं बाई?'

हास्याचा असा गडगडाट झाला की पुढच्या ओळी पेटीलाही ऐकू गेल्या नसतील. एक बाई नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, हे याच्यावरच लिहिलंय. शेजारची म्हणाली, नाही वं माय, माझ्यावाल्यावर. लोक खूष. पण माझं गाणं वाया गेलं.

आणि मग मी मागे पाहिलं. मोटारसायकलींपाशी हे उभे. घरून सांगून निघाले होते की चुडामणभाऊंबरोबर असीरगडला जातोय. असीरगड नाही, चुडामणभाऊ नाहीत. एकटेच, कानामागे हात धरून, कपाळाला आठ्या घालून. सगळं अंगण हसत होतं. हे नाही.

खोटं बोलून गेलेल्या माणसाला घरी आल्यावर मी काय विचारायचं? मी विचारलं, किल्ला कसा होता? म्हणाले, चढ फार आहे.

रजनी, आता मला पक्कं कळलं. यांना संशय आलाय आणि खात्री करायला दुसऱ्यांदा आले. आणि तुला सांगते, आज सकाळी पंखे साफ केले. तिन्ही खोल्यांचे.

शेवट बदल म्हणतेस. जे घडलंच नाही ते कसं लिहू? ते लिहिलं तर माझ्याच नाटकात मीच खोटी पडेन. मला तर वाटतं, आता नाटकच बंद करावं. सत्तावीस तारखेला पुन्हा कार्यालयात प्रयोग ठरलाय, दिवाळीच्या आधी. योगेंद्रला नाही म्हणून सांगणार आहे. हसू पुरे झालं. घरातल्या माणसाचं मन दुखवून गावाला हसवायचं, हे मला जमणार नाही.

लवकर लिही.

उषा

*

बुऱ्हाणपूर (म.प्र.),
८ ऑक्टोबर २०२४

प्रति,
श्रीमती रजनीताई,
अमरावती

विषय : आमच्या लग्नाच्या दिवशी घडलेल्या प्रकाराबाबत माहिती मिळणेबाबत.

महोदया,

सविनय निवेदन आहे की, आपला गुडघा आता ठीक असेल अशी आशा आहे. सिंचन विभागात आयुष्यभर अशीच पत्रे लिहिली, दुसरी तऱ्हा येत नाही, तरी राग मानू नये.

येथे सध्या एक गाण्यांचे नाटक चालू आहे. लेखक रा. घाटे असे छापले आहे. चुडामण म्हणतो, इंदूरचे आहेत. मी काही बोललो नाही. परंतु त्यातला नवरदेव चहा पिताना बशी उजव्या गुडघ्यावर ठेवतो, आणि बोलायचे नसले की नळाचा विषय काढतो. ही माहिती इंदूरच्या माणसाला असणे शक्य नाही. उखाण्याचे तर सोडूनच द्या. तात्पर्य, नाटक कोणी लिहिले ते मला पहिल्या दहा मिनिटांतच लक्षात आले आहे. फार चांगले लिहिले आहे. इतके चांगले लिहिता येते हे मला माहीत नव्हते, ही माझी चूक.

त्यात नवरीचे एक गाणे आहे. मी हसलो नाही, कारण हसत बसलो असतो तर गाणे निसटले असते. तरी दुसऱ्या ओळीलाच लोक इतके हसले की पुढचे ऐकू आले नाही. म्हणून पुन्हा खकनारला गेलो. तेथेही तेच झाले. लोकांना हसू नका असे सांगता येत नाही.

आपणास विचारायचे ते असे. त्या दिवशी मी चुकीचे नाव घेतल्यावर सगळे हसत होते. मी पाटाकडे बघत होतो. ती हसली की रडली, हे मला आजवर माहीत नाही. विचारण्याचे धाडस झाले नाही. आपण तिच्या शेजारी होता.

मी नाव घेतच नाही असे तिला वाटते. वस्तुस्थिती अशी आहे की, त्या दिवसापासून नाव घ्यायला तोंड उघडले की भीती वाटते, पुन्हा दुसरेच येईल. मग ऐकलं का म्हणतो. त्यात चुकण्यासारखे काही नाही.

शीतलच्या आईला हे कळू नये. उत्तर कृपया चुडामणच्या मिठाईच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवावे. मी रोज तिकडे जातो. हे पत्र कसे लिहावे ते सुचत नव्हते, आणि हात रिकामे राहत नाहीत, म्हणून काल पंखे पुसले.

आपला विश्वासू,
नंदकुमार महाजन

*

अमरावती,
१४ ऑक्टोबर २०२४

नंदकुमारभाऊ,

तुमचं पत्र मिळालं. विषयासकट.

ती हसली. रडली नाही. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी हसली की तिच्या मुंडावळ्या माझ्या बांगडीत अडकल्या, त्या सोडवेपर्यंत भटजींना थांबावं लागलं. आणि हसता हसता मला म्हणाली, हा माणूस भोळा आहे, माझं चांगलं जाईल. हे ती विसरली असेल, मी विसरले नाही.

पण दुसऱ्या दिवसापासून ती वाट बघत होती. उखाण्याची नाही. नुसत्या हाकेची. स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा एका साध्या हाकेची. गाण्याच्या तुम्हाला ऐकू न आलेल्या ओळी खाली लिहून देते, पाठ करायच्या नाहीत, फक्त वाचायच्या:

'नको सोनं, नको साडी, नको मेळ ओळींचा,
हाक मार रे दारातून, अर्थ लागेल नावाचा.'

आता तुमचं तुम्ही बघा. सत्तावीस तारखेला प्रयोग आहे. एकच विनंती, या वेळी चुडामणला काहीही विचारू नका.

रजनी

*

अमरावती,
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय उषा,

नाटक बंद करायचं नाही. का ते विचारू नकोस. पंख्यांबद्दल मी जे लिहिलं होतं ते मागे घेते, पंखे कोणत्याही कारणानं पुसले जातात.

शेवटही बदलू नकोस. जसा आहे तसा राहू दे. सत्तावीसला योगेंद्रला उखाण्यापाशी जरा जास्त वेळ अडून राहायला सांग.

गुडघा ठीक आहे. मनात मात्र गुदगुल्या होतायत.

रजनी

*

बुऱ्हाणपूर,
२९ ऑक्टोबर २०२४

प्रिय रजनी,

तू महालबाड आहेस. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

परवा कार्यालय गच्च भरलं होतं. पितृपक्षातल्या त्या आजीबाई या वेळी पहिल्या रांगेत, ओंजळभर अक्षता घेऊन. मागची बाकीही त्यांना फेडायची होती. जेवणाचे गृहस्थ घरून जेवून आले होते. चुडामणभाऊंनी दिवाळीच्या गर्दीत दुकान सोडून टोपलंभर मावा जिलेबी आणली, आणि मध्यंतरात वाटली, म्हणजे त्या गृहस्थांचंही समाधान झालं. हे दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. मी पडद्याआडून यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघत होते.

योगेंद्र उखाण्यापाशी अडला. तू सांगितल्याप्रमाणे अडूनच राहिला. नाव घ्या, नाव घ्या सुरू झालं. आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

हे उभे राहिले. खिशातून घडी केलेला कागद काढला, चष्मा लावला. लोकांना वाटलं, हेही नाटकातलेच. टाळ्या पडल्या. हे थांबले, टाळ्या संपू दिल्या, आणि वाचायला लागले: पोस्टरवर एक चूक छापली गेली आहे, ती दुरुस्त करणे आवश्यक आहे. रा. घाटे नावाचे कोणी लेखक नाहीत.

मागून ते साडूवाले म्हणाले, आहेत ना, इंदूरला. त्यांना चारजणांनी खाली बसवलं.

हे पुढे वाचतात: हे नाटक ज्यांनी लिहिले त्या पेटीमागे बसल्या आहेत. त्या माझ्या पत्नी आहेत. नाटकातला मूर्ख नवरदेव मी आहे, याची नोंद घ्यावी. त्यांचे नाव... आणि कागद तिथंच संपला. मी नंतर पाहिला, खरंच तिथंच संपला होता. पुढचं त्यांनी लिहिलंच नव्हतं.

स्टेजवर योगेंद्र अडलेला, खाली हे अडलेले. मला वाटलं, आता म्हणतील, ऐकलं का.

तेवढ्यात शेजारून सरुबाई म्हणाल्या, भाऊ, आता माझं नका घेऊ.

हॉल फुटला. आणि हे हसले. एवढ्या लोकांत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, खुर्चीच्या पाठीला धरून हसले. मला माझ्या लग्नातलं ते हसू आठवलं. तेव्हा आम्हा दोघांत मी एकटीच हसले होते, हे पाटाकडे बघत होते. मग चष्मा काढला, पेटीकडे पाहिलं आणि म्हणाले, उषा.

बस. ना ओळ, ना यमक.

आजीबाईंनी ओंजळ रिकामी केली. त्या मागोमाग सगळ्यांनी. पेटीत तांदूळ गेले, 'सा' अजून वाजत नाही. निशा स्टेजवर रडायला लागली, योगेंद्रनं तिला आबांचा टॉवेल दिला. मी रडले की हसले ते मला विचारू नकोस, या वेळी शेजारी तू नव्हतीस. शेवटचा प्रवेश झालाच नाही, आणि कुणी तक्रारही केली नाही. लोक आपणहून उठले आणि घरी गेले.

घरी आल्यावर मला सगळं सांगितलं, असीरगड, दुकानाचा पत्ता, तुझं पत्र. पत्र दाखवलंही. पाकाचे डाग पडलेत त्यावर, चुडामणभाऊंनी आधी वाचलेलं दिसतंय. त्यातल्या ओळी यांना पाठ नाहीत, पण कागद पाकिटात ठेवलाय.

योगेंद्र विचारतोय, पुढच्या प्रयोगाचा शेवट कोणता? नवीन लिहायला घेतलाय. आता लिहिता येईल.

आणि काल सकाळी काय झालं ते ऐक. मी चकलीचं पीठ मळत होते. कुणीतरी उषा म्हणून हाक मारली. मला वाटलं, दारात बाई आली आहे कुणी, फराळाचं साहित्य मागायला. तशीच पिठाच्या हातांनी गेले, दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. पुन्हा हाक आली, घरातूनच. मागे वळले, तर नंदकुमार उभे होते, दोन कप चहा घेऊन.

तुझी
उषा